पाय लावल्यावर तीन दिवस

मी पायाळू आहे. सगळी शहाणी मुलं आईच्या पोटातून येताना डोकं पुढे करतात, मी पाय पुढे केले. सुईणीची तारांबळ उडाली, आईचं काही खरं नव्हतं, आणि बाबा मात्र पुढे कित्येक वर्षं हसत सांगायचा, "जमीन पक्की हाय का ते पोरीनं आधी पायानं चाचपून बघितलं." अशा माणसाबद्दल आमच्याकडे दोन समजुती आहेत. विजा चमकत असताना त्याला उघड्यावर पाठवायचं नाही, आणि कुणाच्या पाठीत चमक भरली तर त्याचा पाय त्या पाठीला लावायचा. पहिल्या समजुतीमुळे भर पावसात मला कुणी दुकानात पिटाळलं नाही, त्याबद्दल पूर्वजांचे आभार. दुसरीमुळे काय झालं ते सांगायला बसले आहे.

आमचं घर भिवंडीत, टेमघरला, मागच्या भिंतीला लागून लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना. खटखट इतकी सवयीची की वीज गेली आणि लूम थांबले की आम्ही दचकायचो. आता भिवंडीत पाठ दुखणाऱ्यांना काय तोटा? लूमवर दहा-बारा तास उभे राहणारे, काल्हेरच्या गोदामात कापडाच्या गाठी वाहणारे, पडघ्याहून टेम्पो घेऊन येणारे, डोक्यावर पाणी भरणाऱ्या बायका. सकाळी साडेसहाच्या आत, काही न खाता, ते आमच्या दारात यायचे. उंबऱ्यावर बाहेर तोंड करून बसायचं, हात गुडघ्यांवर, सदरा वर. मी मागे उभी राहून एका हातानं चौकट धरायची आणि उजवा पाय त्यांच्या कमरेला तीनदा लावायची. लाथ नव्हे, नुसता टेकवायचा. मग माणूस उठायचा आणि मागे वळून न बघता निघून जायचा. आम्ही कुणाकडून नारळसुद्धा घेत नव्हतो.

जाता जाता आई त्याला पथ्य सांगायची. रोज तेच, त्याच चालीत. "तीन दिवस भार उचलायचा न्हाय. कमरेत वाकायचं न्हाय. पण हातरुणातबी पडून ऱ्हायाचं न्हाय, सकाळ-संध्याकाळ गल्लीच्या टोकापरत चालून यायचं. तीन दिवस पाळलं न्हाय तर गुण येयाचा न्हाय." हे पथ्य तिला माहेरच्या गावातल्या एका म्हाताऱ्या पायाळू बाईनं सांगितलं होतं. त्या बाईला कुणी सांगितलं ते कुणालाच माहीत नाही. मला ते पथ्य म्हणजे औषधाच्या बाटलीवरच्या बारीक अक्षरांसारखं वाटायचं. वाचतंय कोण?

मी लोकांचे चेहरे विसरायचे, पाठी विसरायचे नाही. सात-आठ वर्षांची होते तेव्हापासून पाठी बघत आले. तुटलेला धागा जोडायला दिवसभर एकाच बाजूला झुकणाऱ्या कारागिराचा एक खांदा खाली आलेला असे. गोदामातल्या हमालाच्या मानेखाली कातडी इतकी घट्ट झालेली असे की चिमटीत धरता येऊ नये. टेम्पोवाल्याची कंबर लाकडासारखी कडक. लाजायच्या वयातही मला त्यांची लाज वाटली नाही, नवल वाटलं. ही पाठ काल दिवसभर गाठी वाहत होती, आज सकाळी उंबऱ्यावर कण्हत बसली आहे, आणि चार दिवसांनी हाच माणूस गल्लीत पोराला पाठीवर घेऊन घोडा-घोडा करताना दिसणार. असं कसं होतं? कातड्याखाली असं काय आहे जे इतकं सोसतं आणि पुन्हा सरळ होतं? विचारायला कुणी नव्हतं, म्हणून मी सोपं उत्तर धरलं. माझा पाय.

शेजारच्या गल्लीत उत्तरेकडून आलेले एक चाचा राहायचे. जन्म लूमवर गेलेला, दाढी पांढरी, आणि पाठ मात्र माझ्यापेक्षा ताठ. वर्षातून एकदा-दोनदा यायचे. "बेटी, जरा लगा दे," म्हणायचे, पाय लावून घ्यायचे, आणि मग तीन दिवस हात मागे बांधून गल्लीत फेऱ्या मारायचे. बघणाऱ्याला वाटावं, शेठच जागा बघायला आले आहेत. खरा शेठ एकदा आमच्या दारापर्यंत ओरडत आला होता. चाचा शांतपणे म्हणाले, "तीन दिन बोले तो तीन दिन. बैठ के कांडी भरूंगा, लूम पे नहीं जाऊंगा." कांडी म्हणजे धोट्यात घालायची सुताची गुंडाळी, ती बसून भरता येते. शेठनं कपाळाला हात लावला. चौथ्या दिवशी चाचा लूमवर हजर. गल्ली म्हणाली, पायाळूचा पाय लागला. मीही तेच म्हणाले.

शिवाय मी कबड्डी खेळायचे. दोन हजार सालानंतरची ती वर्षं, आमच्या मंडळाचा मुलींचा संघ नुकताच उभा राहिला होता आणि चढाईला मी जायची. बोनसची रेषा ओलांडायला माझा उजवा पाय असा पुढे सरकायचा की समोरच्या मुलींना कळायच्या आत मी परत. "पायाळूचा पाय हाय त्यो," कुणीतरी मैदानाबाहेरून ओरडायचं. लोकांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी बूड टेकून बसले. आमचे सर मात्र कडक. अर्धा तास अंग गरम केल्याशिवाय मैदानात पाय ठेवू द्यायचे नाहीत. मान, खांदे, कंबर, गुडघे, घोटे, सगळं फिरवून सैल करायचं, हळू धावायचं, मग जोरात. कुणी कंटाळा केला तर म्हणायचे, "थंड अंगानं खेळाल तर एक दिवस खेळाल." आम्ही मुली मागून त्यांच्या नकला करायचो, पण अंग गरम करायचो.

बाबा काल्हेरला एका गोदामात हमाल होता. आठ जणांची टोळी. ट्रक लागला की चढवायचा, नाहीतर उतरवायचा. वय पन्नाशीला टेकलेलं, बोलायला हळू, हात भारी. तेव्हा काल्हेरला रोज नवं गोदाम उभं राहत होतं आणि ट्रकांच्या रांगा रस्त्यावर येत होत्या. दिवाळीच्या आधीचा महिना म्हणजे टोळीला पाणी प्यायलाही फुरसत नाही. त्या महिन्यात एका दुपारी बाबा लवकर घरी आला, भिंत धरून. कापडाची गाठ पाठीवर घेऊन तो ट्रककडे वळला होता, पाय जागच्या जागी रोवलेले आणि वळली फक्त कंबर. चमक भरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा स्वतःचा बाप उंबऱ्यावर बसला. सदरा वर केला. ती पाठ मी कधी अशी बघितलीच नव्हती. ह्याच पाठीनं आम्हाला वाढवलं. मी पाय तीनदा टेकवला. आई आतून पीठ मळत्या हातानं येऊन उभी राहिली आणि पथ्य म्हणायला लागली, तेवढ्यात बाबा मध्येच म्हणाला, "ट्रक लागल्यात. दिवाळी हाय. तीन दिवस बसलू तर टोळीत माझी जागा दुसरा घेईल." मग मागे न बघता, कारण बघायचं नसतं, त्यानं मला विचारलं, "पोरी, आज गेलो तर चालंल का?"

आदल्याच रविवारी आम्ही सामना जिंकलो होतो. शेवटची चढाई माझी होती. मी म्हणाले, "जा तू. माझ्या पायाला पथ्य लागत न्हाय."

आईनं माझ्याकडे बघितलं. बाबा गेला.

त्यानंतर रोज सकाळी तो उंबऱ्यावर बसू लागला. पाय लावून घ्यायचा, चहा प्यायचा, डबा घ्यायचा, कामावर. आठवड्यानं म्हणाला, कंबर हलकी वाटते पण ढुंगणापासून पोटरीपर्यंत कळ जाते. मी काय सांगावं? मी सांगितलं, "चांगलंच हाय की. चमक खाली उतरतेय. वरनं खाली, खालनं बाहेर. पायातून निघून जाईल." हे मला कुणी शिकवलं नव्हतं. त्या क्षणी सुचलं आणि इतकं पटण्यासारखं वाटलं की माझा मलाच अभिमान वाटला. बाबानंही मान डोलावली. आणखी चार दिवसांनी कंबर अजिबात दुखेना, फक्त पावलाला मुंग्या. "निघालीच म्हणायची," तो म्हणाला.

मग तो दिवस. दिवाळीच्या खरेदीला आम्ही दोघं निघालो होतो, दुपारची वेळ, नाक्यावरून रिक्षा पकडायची होती. ऊन चांगलंच होतं, डांबर तापलेलं. मी पुढे, बाबा मागे. उभ्या असलेल्या एका रिक्षावाल्यानं हाक मारली, "ओ काका, चप्पल!" मी वळले. रस्त्याच्या मधोमध एक चप्पल पडली होती आणि तिच्यापासून पंधरा-वीस पावलं पुढे बाबा चालत होता. एका पायात चप्पल, दुसरा पाय उघडा, तापल्या रस्त्यावर. त्यानंही मागे वळून चपलेकडे बघितलं.

"कुणाची राहिली?" तो म्हणाला.

मी त्याच्यापाशी खाली बसले. तळव्याला खडी लागून रक्त येत होतं, ते त्याला ठाऊकच नव्हतं. मी म्हणाले, "बाबा, पाऊल वर कर. टाच ठेव खाली आणि पुढचं वर कर."

"केलं की," तो म्हणाला.

केलं नव्हतं. पाऊल होतं तसंच होतं. अंगठासुद्धा हलला नव्हता. आणि तो माझ्याकडे खऱ्या चेहऱ्यानं बघत होता, सांगितलेलं काम करून झालेल्या माणसासारखा.

ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी त्याला तपासलं, फोटो काढले. पहिला प्रश्न विचारला, लघवी नीट होते का, अडत नाही ना. नीट होत होती. "होत नसती तर आजच टेबलावर घेतलं असतं," ते म्हणाले. शीर दबली होती. औषध, व्यायाम, ओझं बंद, दर आठवड्याला येऊन दाखवायचं. मध्येच काही वाढलं तर वाट न बघता त्याच पावली यायचं. दीड महिन्यात पाऊल उचलायला लागलं तर ठीक, नाहीतर ऑपरेशन. मी विचारलं, येईल ना पाय परत? ते खरं बोलणारे होते. म्हणाले, "येईलच असं मी सांगत नाही. पंधरा दिवस आधी आला असतात तर जास्त खात्रीनं बोललो असतो."

पंधरा दिवस आधी मी चमक पायातून बाहेर काढत होते.

व्यायामाच्या खोलीत एक बाई होत्या, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील, बुटक्या, आवाज करारी. त्यांच्या टेबलावर माणसाच्या मणक्यांचा प्लास्टिकचा सांगाडा टांगलेला होता. तो मी बघितला आणि बघतच राहिले. हाडांवर हाडं रचलेली, प्रत्येकाच्या मध्ये एक लहानशी गादी, सगळ्यांच्या मधून बोटाएवढी दोरी, आणि दोन्ही बाजूंनी फुटलेले पिवळे धागे. ताण्यावर धागे लावतात तसे, एकही दुसऱ्यात गुंतलेला नाही. बाईंनी तो हातात घेऊन मागे-पुढे वाकवला आणि तो सापासारखा वळला. इतकी वर्षं मी ज्याच्यावर पाय ठेवत आले ते हे होतं. इतकं नाजूक, इतकं नेमकं, आणि ह्याच्यावर लोक गाठी वाहतात! मला हात जोडावेसे वाटले. खरंच सांगते, देवळात इतकं वाटलं नव्हतं.

"ही गादी सरकली आणि ह्या धाग्यावर बसली," बाईंनी नखानं दाखवलं. "हा धागा कमरेतून निघतो तो थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत. दुखणं कमरेतून पायात उतरायला लागलं, आणि कमरेला बरं वाटतंय म्हणून माणूस खूश झाला, की समजायचं प्रकरण वाढतंय. पायातून वर कमरेकडे सरकलं तर बरं होतंय."

म्हणजे बरोब्बर उलटं. रस्ता मी ओळखला होता, दिशा चुकली होती.

बाईंनी विचारलं, आधी काय उपाय केले. बाबा माझ्याकडे बघायला लागला. मी खाली मान घालून सांगितलं, मी पायाळू आहे, रोज पाय लावला. वाटलं आता ह्या हसणार, नाहीतर झापणार. त्या हसल्या नाहीत. "आणि पाय लावल्यावर काय करायला सांगता?" त्यांनी विचारलं. मी आईचं पथ्य म्हणून दाखवलं. तीन दिवस भार नाही, वाकणं नाही, पण पडूनही राहायचं नाही, सकाळ-संध्याकाळ गल्लीच्या टोकापर्यंत चालायचं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"गावाकडची एक म्हातारी."

"लचक भरलेल्या माणसाला मी हेच सांगते," त्या म्हणाल्या. "फक्त माझं कुणी ऐकत नाही. तुमच्या म्हातारीनं वर पाय ठेवला म्हणून तिचं ऐकायचे." मग बाबाकडे वळून, "मग काका, घेतले का तीन दिवस?"

मी टेबलावरच्या सांगाड्याकडे बघू लागले. बाबा म्हणाला, "न्हाय म्याडम. ट्रक लागलं होतं. पोर नको नको बोलत होती, मीच आयकलं न्हाय."

तो आयुष्यात फारसं खोटं बोलला नाही. हे बोलला, आणि मी ते तसंच राहू दिलं. नंतरही कधी दुरुस्त केलं नाही. आज लिहिते आहे.

त्या दीड महिन्यात मी जे शिकले ते कुठल्या शाळेत शिकवत नाहीत ह्याचं मला अजून नवल वाटतं. बाईंनी पाण्यानं भरलेली बादली मध्ये ठेवून शिकवलं. ओझं उचलायचं तर आधी त्याच्या जवळ जा, गुडघ्यात बस, ओझं बेंबीपाशी आण, मग मांड्यांच्या जोरावर ऊठ. वळायचं तर कंबर नाही वळवायची, पाय वळवायचे. हे ऐकलं आणि मला आमच्या सरांचा आवाज ऐकू आला, "पाय वळव गं, कंबर काय वळवतेस!" मैदानात आम्हाला हजारदा सांगितलेलं. आम्ही मुली चाळीस मिनिटं खेळायचो आणि त्याआधी अर्धा तास अंग सैल करायचो. बाबा रोज आठ-आठ तास खेळायचा. सकाळी रिक्षातून उतरला, ट्रक लागला, की थंड अंगानं थेट चढाई. त्याला खेळाडू कुणी म्हटलं नाही म्हणून त्याचं अंग गरम करून घ्यायला कुणी सर नव्हते. मी होते ना घरात. मला सुचलं नाही.

सकाळी येणाऱ्या लोकांना मी आल्या पावली परत पाठवू लागले. पाय लावायला उचलवतच नव्हता. बाबा पालथा पडून कोपरांवर छाती उचलायचा, मग काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चाचा त्याच्या जोडीला आले. दोघं हात मागे बांधून चालायचे, एक ताठ, एक पाय फेकत. एकदा मी मागून चालत होते. चाचा म्हणाले, "अब समझे? पैर तो बहाना है. तीन दिन दवा है. शेठ हमको छुट्टी नहीं देता, पायालू के नाम से डरके देता है."

बाबा थांबला. "मंग हे आधी क्‍याला न्हाय बोल्लात?"

"तुमने पूछा ही नहीं," चाचा म्हणाले आणि पुढे चालू लागले.

खरी लढाई पावलाच्या व्यायामाची. बाईंनी सांगितलं होतं, रोज दोनदा, घरातल्या कुणीतरी त्याची टाच मांडीवर घ्यायची, बोटांनी वरून हलकं धरायचं आणि त्यानं पाऊल, अंगठा वर उचलायचा प्रयत्न करायचा. उचललं नाही तरी करायचा. आईची बोटं दुखायची, म्हणून मी बसले. बाबा पाय देईना.

"पोरीच्या मांडीवर पाय ठेवू? येडी का तू?"

"मी तुझ्या पाठीला ठेवला तवा?"

"त्यो पायाळूचा. ह्यो हमालाचा."

शेवटी आई स्वयंपाकघरातून ओरडली, "मुकाट्यानं पाय टाक, न्हायतर मी येते!" तेव्हा त्यानं तोंड दुसरीकडे करून पाय माझ्या मांडीवर ठेवला. जड होता. आपल्या अंगाचा नसल्यासारखा तो त्याच्याकडे बघायचा. मी म्हणायचे, उचल. तो कपाळाला आठ्या घालून, दात आवळून उचलायचा. काही व्हायचं नाही. पुन्हा. पुन्हा. दहा वेळा सकाळी, दहा वेळा संध्याकाळी. मी त्या पावलाची एकेक भेग पाठ केली. दिवाळी कधी आली आणि गेली ते घराला कळलं नाही.

आजही लोक येतात माझ्याकडे. गोदामं वाढली, पाठी वाढल्या. मी उंबऱ्यावर बसवते, पण आधी विचारते. कळ गुडघ्याखाली उतरते का? पाऊल बधिर वाटतं का, चप्पल निसटते का? लघवीला त्रास होतो का? एकालाही हो म्हटलं तर पाय लावत नाही, त्याच रिक्षात दवाखान्यात पाठवते. नाही म्हटलं तर पाय लावते, तीनदा, आणि तीन दिवसांची शपथ घालून सोडते. शेजारी पाण्याची बादलीही ठेवलेली असते, उचलून दाखव म्हणते. कुणी म्हणतं, पायाळू बाई फार कटकट करते. करते.

पण हे सगळं नंतरचं. तेव्हा एक महिना उलटून गेला होता, डॉक्टरांनी दिलेली दीड महिन्याची मुदत संपायला दहा-बारा दिवस राहिले होते, आणि आई ऑपरेशनचा विषय काढला की उठून जायची. त्या दुपारी वीज गेली होती. मागचा कारखाना बंद, घरात शांतता, उकाडा. दहा वेळा उचलून झालं होतं, काही झालं नव्हतं, आणि मी पाय तसाच मांडीवर ठेवून घेऊन पुठ्ठ्यानं वारा घालत होते. बाबा भिंतीला टेकून डोळे मिटून बसला होता.

एक माशी आली. माझ्या हातावरून उडाली आणि त्याच्या अंगठ्यावर बसली. मी हाकलायला पुठ्ठा उचलला, तेवढ्यात अंगठा हलला. किंचित. वर गेला आणि खाली आला. माशी उडाली.

मी पुठ्ठा तसाच वर धरून ठेवला. बाबाचे डोळे मिटलेलेच. माशी फिरून आली, पुन्हा बसली. अंगठा पुन्हा वर गेला, झटका देऊन. कमरेतल्या त्या पिवळ्या धाग्यातून, मांडीतून, पोटरीतून, इतक्या लांबून निरोप आला होता, एका माशीसाठी. मी महिनाभर विनवण्या केल्या होत्या, त्या पोचल्या नव्हत्या.

"गेली का माशी?" बाबानं डोळे न उघडता विचारलं.

"तुला कळलं माशी बसलेली?"

"कळंल न्हाय तर काय? माझाच पाय हाय ना."

त्यानं डोळे उघडले. मी काय विचारलं ते त्याला तेव्हा समजलं. तो पुढे वाकून अंगठ्याकडे बघायला लागला, मग माझ्याकडे. मी खाली वाकले आणि त्याच्या पावलावर, त्या भेगांवर कपाळ टेकवलं. आयुष्यभर लोक माझ्या पायाखाली पाठ देत आले, आणि मला पाय म्हणजे काय ते त्या दुपारी कळलं. एरवी त्यानं पाय ओढून घेतला असता. घेतला नाही.

"ऊठ," तो म्हणाला. "दिसत न्हाय मला. पुन्हा दाखवू?"

मी उठले. त्यानं पुन्हा दाखवला.